शनिवारच्या आत एक सही

(मलावीतल्या झोंबा गावचं, शाळेचे गणवेश शिवणारं दुकान. भागीदार दोघी, एनेलेसी आणि तमंडानी; एनेलेसी आता भागीदारी सोडतेय. समोर हिशेबनीस म्बेवे.)

तमंडानी : आणि साहेब, बँकेचं पत्र? ते राहिलंच असेल.

म्बेवे : बँकेला कळवलंय बाई. कापडवाल्यांनाही. यापुढची उधारी एनेलेसीबाईंच्या नावावर चढणार नाही.

तमंडानी : कराचं काय?

म्बेवे : आजपर्यंतच्या नफ्यातला त्यांचा वाटा विवरणपत्रात दाखवला, कर भरला. भागीदार बाहेर पडल्याचं कर कार्यालयाला कळवायचं, तो कागद हा. फक्त तुमची सही हवी.

तमंडानी : मशिनी कुणाच्या, ते लिहिलंत?

एनेलेसी : लिहिलंय गं. तुझ्या. शनिवारी माझं लग्न, आणि ही मशिनी मोजत बसलीय!

तमंडानी : मग लग्नानंतर करू ना. घाई कसली?

म्बेवे : तोवर दुकानाचा कर यांच्याही मानेवर. मंगोचीला, तळ्याकाठच्या यांच्या नव्या घरी नोटीस जाईल.

एनेलेसी : आणि आमचे हे मासळी सोडून नोटिसा वाळत घालतील!

तमंडानी : ‘आमचे हे’! अजून लग्न लागलं नाही ताई. छप्पन्न वर्षांची झालीस, जरा लाज.

एनेलेसी : नवरा गेल्यापासून लाजतच होते की. आता पुरे. कर सही.

तमंडानी : साहेब, रहिवासाचा दाखला नाही लागत?

म्बेवे : नाही. खरं सांगू बाई? कागद मागच्या आठवड्यातच पुरे झालेत. तुम्हीच रोज एक नवा काढता.

एनेलेसी : काय? तमंडानी, वर बघ.

तमंडानी : सकाळचा चहा मी कुणाबरोबर प्यायचा? आहे का त्याचं कलम तुमच्या कागदात?

एनेलेसी : वेडे! सकाळची बस धर, दुपारी माझ्या दारात. ताजा चांबो मासा तळून वाढीन, मक्याच्या पिठाच्या गरम नसिमाबरोबर.

तमंडानी : काटे काढून?

एनेलेसी : काढून. तान्हं बाळच ना तू!

तमंडानी : आणा ते पेन. कुठे, इथे?

म्बेवे : इथे. आणि इथेही. झालं! एनेलेसीबाई, सुटलात. आता या दुकानात तुम्ही पाहुण्या.

एनेलेसी : अगं बाई, किती हलकं वाटतंय! आणि हे डोळे बघ मेले, थांबतच नाहीत.

तमंडानी : चल आत. लग्नाचा झगा शिवून ठेवलाय, कमरेत बघायचाय. रड नंतर. आधी सरळ उभी राहा, टाचण्या टोचतील.