पडका किल्ला

बागेतल्या चहाच्या टपरीपुढे विनिफ्रेड रांगेत उभी होती. नवरा, सिरिल, तिकडे टेकाडावरच्या पडक्या किल्ल्याच्या कमानीखाली सावलीला झोपला होता. तिच्या पुढे एक जोडपं बोलत होतं.

"हॅरल्ड, त्या कमानीत भेग पडलीय."

"अगं, तो किल्लाच खोटा! जुन्या उमरावाने हौसेखातर पडका बांधून घेतलाय. भेगासुद्धा गवंड्याकडून पाडून घेतल्यात."

"ते मला नको शिकवूस. त्या जुन्या भेगांत शेवाळ आहे. हिच्यात आतला दगड कसा पांढराफेक दिसतोय."

"पावसानं धुतला असेल."

"सकाळी हिच्यात माझं नख जात नव्हतं. आत्ता बोटं गेली."

"मग रखवालदाराला सांगायचंस."

"सांगितलं ना. हसला मेला! म्हणतो, बाई, पडका किल्ला आणखी काय पडणार?"

"बरोबर बोलला की!"

"मी भिंतीला कान लावला, हॅरल्ड. आत वाळू सरकत होती."

हॅरल्ड आता हसला नाही. "तिथं कुणी नव्हतं ना?"

"एक म्हातारा आहे. तोंडावर हॅट घेऊन झोपलाय. घसा फाटेस्तोवर हाका मारल्या, पण ढिम्म हलला नाही. आता जाग येऊन उठेल तेव्हा उठेल."

"त्यांना ऐकू येत नाही हो," विनिफ्रेड म्हणाली. कोटाच्या खिशात तिची मूठ सिरिलच्या कानातल्या यंत्रावर आवळली होती.

तेवढ्यात टेकाडावरचे सगळे कावळे एकदम उडाले.