दोरा बांधलेला टोमॅटो

चहा घ्या, पण माझ्यासमोर टोमॅटोचं नाव काढू नका.

आमची आई दरवर्षी गावरान टोमॅटोचं सगळ्यात चांगलं फळ बियाण्यासाठी झाडावरच राखायची आणि त्याला लाल दोरा बांधायची. त्या फळाला हात लावला की आम्हा भावंडांना धपाटा मिळायचा. दादाने तर माझ्यापेक्षा जास्त धपाटे खाल्लेत.

आई गेल्यावर तिच्या डबीत उरलेल्या सगळ्या बिया मी इथे कोथरूडला गच्चीत लावल्या. एकच रोप जगलं आणि त्यालाही एकच धड फळ धरलं. मी त्याला लाल दोरा बांधला.

रविवारी दादा-वहिनी जेवायला आले. वहिनीने हौसेने कोशिंबीर केली. पहिल्याच घासाला मी विचारलं, "वहिनी, टोमॅटो कुठला गं?"

"गच्चीतला. यांनीच आणून दिला, दोरा सोडवून."

"आणि बिया?"

"त्या काढून बेसिनमध्ये धुऊन टाकल्या. यांना मुतखड्याचा त्रास आहे ना!"

मी दादाकडे बघितलं. तो वाटी चाटूनपुसून म्हणाला, "अगदी आईच्या टोमॅटोची चव आहे. पुढच्या वर्षी जरा जास्त लाव."