एकोणचाळिसावी ओळ

धाकटा : ...म्हणून म्हटलं, पुस्तक बाहेर पडायच्या आत मीच येऊन सांगावं. नव्या आवृत्तीत ती ओळ नसेल, ताई.

ताई : कुठली?

धाकटा : तू रोज सकाळी म्हणतेस ती. ‘गेलेली लेकरं तुझ्या कुशीत निजली आहेत.’

ताई : नसेल म्हणजे? छापखान्यात जागा कमी पडली की काय? तू मुख्य संपादक ना, मग झाड की त्यांना चांगलं!

धाकटा : त्यांचा काय दोष? मीच काढली.

ताई : डोकं ठिकाणावर आहे का तुझं? हजार वर्षांची प्रार्थना आहे ती!

धाकटा : प्रार्थना हजार वर्षांची. ती ओळ अठ्ठावीस वर्षांची. ऐक जरा. तेव्हा आमच्याकडे एकच हस्तलिखित होतं, तेही वाळवीने खाल्लेलं. एकोणचाळिसाव्या ओळीच्या जागी नुसतं भोक. अशा वेळी आम्ही मागचं-पुढचं बघून अंदाजाने मजकूर भरतो. पण त्याला कंस घालायचा असतो. म्हणजे वाचणाऱ्याला कळतं, हे संपादकाने पदरचं घातलंय. मी कंस घातला नाही.

ताई : विसरलास?

धाकटा : नाही. तुझा पिट्या जाऊन नऊ दिवस झाले होते. तू भिंतीकडे तोंड करून पडलेली, पाण्याचा घोटसुद्धा घेत नव्हतीस. मी तुझ्या उशाशी बसून मुद्रितं तपासत होतो. लिहिली, आणि तुला वाचून दाखवली. तू उठून बसलीस गं.

ताई : फसवलंस मला.

धाकटा : हो.

ताई : मग आता कशाला उकरून काढतोस? राहू दे की तशीच. कुणाचं काय अडलंय?

धाकटा : माझ्या हातात नाही राहिलं. गेल्या वर्षी दुसरी प्रत मिळाली, अगदी धडधाकट. खरी ओळ त्यात आहे. संपादक मंडळातल्या सगळ्यांनी वाचली.

ताई : काय आहे?

धाकटा : जाऊ दे ना.

ताई : सांग मुकाट्याने.

धाकटा : ‘दिवे विझवून दार ओढून घ्यावे.’ पुजाऱ्याला सूचना आहे, बाकी काही नाही.



ताई : मग माझा पिट्या कुठे आहे रे?

धाकटा : मला माहीत नाही, ताई.

ताई : लिहिताना माहीत होतं?

धाकटा : तेव्हाही नव्हतं.