कोरी होडी

सर्वेश : मामा, ह्याच्याहून हळू चालवली तर गाडी मागे जायला लागेल.

मामा : जाऊ दे मागं. खडी उडाली नाय पाहिजे.

सर्वेश : आत्ता एक आजोबा चालत आपल्याला ओव्हरटेक करून गेले. वर टाटा केला.

मामा : त्यांच्या मागं होडी बांधलीय का? नाय ना? मंग जातील ते. तुमच्या पिकअपच्या मागं ट्रॉली हाय, ट्रॉलीवर होडी हाय, आणि होडी माझ्या भाचीची हाय. मागच्या चाकातून एक दगड उडाला ना जावईबापू, सरळ नाळेवर बसंल.

सर्वेश : नाळ म्हणजे ते पुढचं टोक ना?

मामा : टोक काय? नाक म्हणा! होडीचं सगळं रूप तिथं असतं.

संचिता : मामा! अजून एक! परातीवर घेतला! ऐकलास का आवाज?

मामा : ऐकला गं बाय! शाब्बास! पण तू मागं गाडीच्या हौद्यात नीट बस, दांडा सोडू नको.

संचिता : धरलाय! एका हातात दांडा, एका हातात परात! मामा, सॉलिड मजा येतेय!

सर्वेश : माझी बायको. अंगावरची हळद नीट उतरली नाही अजून. पहिल्यांदा माहेरी जाऊन सासरी परत चाललीये आणि हौद्यात बसून आहेरातल्या परातीने दगड अडवतेय.

मामा : परात चांगली जाड हाय. तिच्या मामीनं पारखून घेतलेली.

सर्वेश : मामा, एक विचारू? रागावणार नाही ना?

मामा : जावयावर कोण रागावतं? विचारा.

सर्वेश : तिकडे बघा, खाडीच्या कडेला. ते नारळाचं झाड दिसतंय ना, त्याच्या शेजारी आमचं घर. पलीकडच्या काठावर कोपरला तुमची होड्यांची शेड आहे, तिथून पण दिसतं. समोरासमोर. मग आपण पूल ओलांडून, एवढा वळसा घालून, ह्या उकरलेल्या रस्त्यावरून होडी का ओढून नेतोय? होडीच आहे ना ती? पाण्यात चालते ना?

संचिता : झालं! विचारलं शेवटी! घरून निघाल्यापासून वाट बघत होते मी!

मामा : चालते म्हणजे? पळते! पण पाण्यातनं आणली असती तर कोरी राहिली असती का?

सर्वेश : कोरी?

मामा : माहेरची वस्तू कोरी द्यायची. तुमच्या आईला लग्नात साडी दिली, ती काय आमच्या घरी एकदा नेसून, धुऊन, वाळत घालून मंग दिली?

सर्वेश : नाही, पण साडी पाण्यात चालवायची नसते ना मामा!

संचिता : हसवू नकोस रे, परात सुटेल हातातून!

मामा : पहिलं पाणी तिला तुमच्या दारात लागणार. आमच्या खाडीचं नाय, तुमच्या खाडीचं.

सर्वेश : खाडी एकच आहे!

मामा : काठ वेगळा हाय.

सर्वेश : बरं. आणि गोधड्या का नाही गुंडाळल्या तिला? आई म्हणत होती, चार गोधड्या पाठवते.

मामा : हे बघा, हे शिकून घ्या. कापड वाऱ्यानं हलतं. हललं की आत रेती शिरते. मंग ती रेती वाटभर रंगावर घासत बसते. दगड एक टवका काढंल, पण रेती सगळी झिलई खाऊन टाकंल. म्हणून होडीला काय चिकटवायचं नाय. मधे आडोसा टांगायचा, गाडीच्या मागच्या फळीला. दगड आडोशावर आपटतो आणि खाली पडतो.

सर्वेश : भारी आयडिया आहे. आडोशाला काय लावलंय? मी नाश्ता करत होतो तेव्हा तुम्ही बांधत होतात.

मामा : आता समोर बघून चालवा.

सर्वेश : संचिता, आडोशाला काय लावलंय?

संचिता : नको ना विचारू.

सर्वेश : आरशात काहीतरी निळं दिसतंय. निळं, पांढऱ्या फुलांचं. मामा... ती आमची गादी आहे?

मामा : जाड होती. मापात बसली.

सर्वेश : आमची लग्नातली गादी! तुम्हीच दिलेली! लग्नात म्हणालात की पलंग आधी पाठवतो, गादी भाचीबरोबर पाठवतो, ती ही अशी पाठवताय?

मामा : पाठवतोच हाय ना! दोन कामं एका खेपेत झाली.

सर्वेश : आज रात्री झोपणार कशावर आम्ही, खडीवर?

संचिता : मी परात घेऊन झोपते, सवय झालीय आता!

मामा : जावईबापू, डंपर!

सर्वेश : दिसला, दिसला. बाजूला घेतो.

मामा : ब्रेक नका मारू जोरात! ट्रॉली अंगावर येईल! बाय, गादीचा डावा कोपरा सुटलाय बघ!

संचिता : धरते!

मामा : परात टाक, गादी धर! नाय, परात पण धर!

संचिता : मला दोनच हात आहेत मामा!

सर्वेश : काच वर करा, काच! धूळ!

(डंपर निघून जातो. धूळ बसेपर्यंत तिघेही खोकतात, मग तिघेही हसतात.)

मामा : बाय? आहेस का?

संचिता : आहे! पांढरी झालेय, पण आहे! सगळी खडी गादीनं खाल्ली!

मामा : आणि नाळ?

संचिता : थांब, बघते. एक टवका नाही. एक ओरखडा नाही. मामा, तुझा पिवळा रंग नुसता चमकतोय!

मामा : जिंकलो! दाबा आता हॉर्न, जावईबापू! पुढं डांबर लागलं!

सर्वेश : वरातीत एवढं टेन्शन नव्हतं मला, कसम से. बघ, आई दारात उभी आहे. ताट घेऊनच उभी आहे. मामा, आता जेवायला आपलं...

मामा : जेवण-बिवण काय नाय. होडी उतरवायची, पाण्यात सोडायची, मी रिक्षा बघतो.

संचिता : रिक्षा बघतो म्हणजे?

मामा : म्हणजे घरी जातो.

संचिता : आत येणार नाहीस?

मामा : लेकीच्या घरचं पाणी पीत नसतात, बाय. नातवंड झाल्यावर बघू.

सर्वेश : मामा, अहो आमच्यात कोणी पाळत नाही आता असं.

मामा : माझ्यात पाळतात. माझ्या बापानं तिच्या आईच्या दारात कधी चूळ भरली नाय.

संचिता : मामा, आई गेल्यावर तुझ्या घरी आले मी. तुझ्या शेडमध्ये अभ्यास केला, तुझ्या रंगाच्या डब्यावर बसून जेवले. आणि तू माझ्या घरी पाणी नाही प्यायचास?

मामा : आता ती रीत हाय, त्याला मी काय करू?

संचिता : मला रडू येतंय आता. इतका वेळ हसत होते आणि रडू येतंय. समोरून शेड दिसणार रोज, आणि तू नाही येणार.

मामा : मला काय बरं वाटतंय का? शेडमध्ये करमत नाय. तू सासरी गेल्यावर तुझ्या नावानं हाक मारली मी, ब्रश दे म्हणून. असं होणार ठाऊक होतं, म्हणून तर आधीच होडी केली. मला येता येत नाय, तुला तर येता येईल.

संचिता : मीच येऊ दर वेळी?

मामा : तू ये. तुला कोण अडवतंय?

सर्वेश : आपण आधी होडी उतरवूया का? आई तिकडून हातवारे करतेय. वरात दारात अडवून ठेवल्यासारखं वाटतंय तिला.

मामा : चला. हळू मागं घ्या, काठापर्यंत. आणखी. बस! बाय, खाली उतर, दोरी सोड. हां. आता जावईबापू, गाडीतनं उतरा. होडी तुमच्या दारात आली. नारळ तुम्ही वाढवायचा.

सर्वेश : मी? मी कधी नाही वाढवला होडीला.

मामा : आयुष्यात कधी नारळ फोडला नाय का?

सर्वेश : फोडलाय. नवीन बाइकला फोडलाय.

मामा : मंग तसाच. जोरात, एका फटक्यात. दोनदा मारावा लागला तर बरं दिसत नाय.

संचिता : सर्वेश, थांब, तू कुठे...

सर्वेश : गणपती बाप्पा मोरया!

संचिता : सर्वेश!

सर्वेश : फुटला! बघा मामा, एका फटक्यात! बरोबर मध्ये!... काय झालं?

(मामा नाळेपाशी वाकतात, मग मान वर करून सर्वेशकडे बघतात.)

सर्वेश : मामा? काय झालं? असे का बघताय?

संचिता : तू नारळ नाळेवर मारलास.

सर्वेश : मग होडीचा नारळ होडीवरच ना!

मामा : दगडावर, दगडावर मारतात ओ! होडीपुढं, दगडावर! आख्खी वाट दगड उडत होते, गादीतून खडी अजून गळतेय, आणि तुम्हाला नारळ फोडायला एक दगड सापडला नाय?

सर्वेश : बाइकच्या वेळी मी टायरवर मारलेला!

संचिता : मामा, टवका निघालाय. रुपयाएवढा. बरोबर नाकावर.

सर्वेश : मेलो मी. मामा, मारा मला. ती परात घ्या आणि मारा.

मामा : परात कशाला... परात... अरे देवा! गादी बांधली, परात धरली, चालणारी माणसं पुढं गेली...

संचिता : मामा, तू हसतोयस?

मामा : मंग काय करू? जावयावर रागावतात का? बघू दे. हं. वरचा थर गेलाय फक्त, आत काय नाय झालं. पाणी नाय शिरणार.

सर्वेश : बुजवता येईल ना?

मामा : येईल. पण होडी परत शेडवर नाय न्यायची. दिलेली वस्तू परत नेत नाय. हितंच येऊन करावं लागंल.

संचिता : इथे? आमच्या अंगणात?

मामा : मंग कुठं?

संचिता : उन्हात बसून काम करणार. आणि तहान लागली तर?

मामा : कामाला आलेला माणूस पाहुणा नसतो, बाय. कामावर चहा चालतो.

संचिता : चालतो?

मामा : कोपरला कुठल्या कारागिराला मी बिनचहाचा पाठवलाय?

सर्वेश : मामा, मी उद्या हाफ डे टाकतो, आपण दोघं मिळून करू. मी व्हिडिओ बघितलाय, अर्ध्या तासात होतं ते.

संचिता : सर्वेश, तू गप्प बस.

मामा : अर्ध्या तासात रस्त्यावरचे खड्डे भरतात. हे भरायचं, वाळू द्यायचं, घासायचं, परत भरायचं. त्याच्यावर रंगाचे हात, रोज एक. शेजारच्या पिवळ्यात मिसळला पाहिजे, डोळ्याला कळता कामा नये. नवा रंग आणि आधी वाळलेला रंग लवकर जुळत नाय.

संचिता : आणि नाहीच जुळला तर?

मामा : मंग खरवडायचा, बाय. परत पहिल्यापासून.