साहेबांचं बोट अन् मॅनिफोल्डची चीर

आता हसता तुम्ही, पण तेव्हा माहं डोकं फिरलं होतं. भट्टीच्या कामावर मजूर नेणाऱ्या जुन्या मिलिटरी ट्रकचा इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनात हवा नेणारा पाइप, फुटला. नवा भेटेना, म्हणून आमी गॅरेजातच पाइप कापून, वेल्डिंग करून बनवला. इंजिनाच्या ओढीनं ब्रेक हलका करणारी व्हॅक्यूम नळी त्याच्यातूनच काढली. पण इंजिन फडफडून बंद पडे, अन् ब्रेक दगडासारखा कडक. ड्रायव्हर रामटेके म्हणे, "मी यात मरोदा गावची माणसं बसवणार नाही."

चूक मले सापडली होती. नळीच्या बुडाशी वेल्डिंगले बारीक चीर होती. पण खोलाले परवानगी देणारे साहेब नवीन. त्यांनी चिरेवर साबणाचं पाणी टाकलं. "बुडबुडा कुठे आहे? लीक नाही."

"साहेब, हे नळी हवा सोडत नाही जी, आत ओढते. बुडबुडा येईन कुठून?"

"मला शिकवतोस?"

दोन दिवस हेच चाललं. तिसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांसमोर इंजिन चालू कराले लावलं अन् त्याच चिरेवर बोट दाबून विचारलं, "इथे काय आहे?"

इंजिन एकदम शांत, एका तालात चालाले लागलं. साहेब खूश. "पाहा, गाडीला काही झालेलं नाही!" म्हणून त्यांनी बोट उचललं. इंजिन फडफडलं अन् बंद.

साहेबांनी बोटाकडे पाहिलं. मंग माह्यावर डाफरले, "एवढा मोठा लीक, अन् तुला दोन दिवस दिसला नाही? खोल आधी!"