मांड पक्की

सुमेधा : पण सर, मंत्री सकाळीच संपलेत! मेंदू मेलाय. तुम्हीच तपासलंत ना?

दिगंबर : हळू! आणि मराठीतच बोल. दाराशी पोलीस आहेत, इथल्या लोकांना मराठी कळत नाही.

सुमेधा : मग त्यांचा व्हेंटिलेटर काढू द्या. वॉर्डात एकच चालू आहे. त्यांच्या गनमनला, त्या अंगरक्षकाला लावला तर तो वाचेल. बावीस सेक्टरमध्ये अतिरेक्यांनी गाडी घेरली तेव्हा हा बलकारच साहेबांच्या अंगावर पडला. छातीत गोळ्या घेतल्यात त्यानं.

दिगंबर : त्याला श्वास देताय ना?

सुमेधा : त्याची बायको देतेय. हातानं रबरी पिशवी दाबून. कर्फ्यूमुळे निम्मा स्टाफ आलेला नाही. तिची बोटं सुजलीत, सर. जरा हात चुकला की त्याचे ओठ निळे पडतात.

दिगंबर : दुसऱ्या हॉस्पिटलात पाठव.

सुमेधा : वाटेतच जाईल.

दिगंबर : हे बघ, गादीवर कोण बसणार ते ठरेपर्यंत साहेब जिवंत आहेत. सचिवांनी पत्रकारांना काय सांगितलं, ऐकलंस? ‘फर्मली इन द सॅडल.’

सुमेधा : मांड पक्की! मेलेल्या माणसाची?

दिगंबर : अगं, मेलेल्याचीच पक्की. तो ना हलतो, ना रुसतो, ना पक्ष बदलतो.

सुमेधा : हसताय तुम्ही?

दिगंबर : मग काय करू? आज तू मशीन काढलंस, तर उद्या पेपरात येईल, डॉक्टरणीनं मंत्र्याला मारलं. तेव्हा माझ्याकडे येऊ नकोस. मी तुला ओळखणारसुद्धा नाही.

सुमेधा : त्या बाईला काय सांगू?

दिगंबर : म्हणावं, दाबत राहा. इकडचं ठरलं की मशीन पहिलं तुझ्या नवऱ्याला. शब्द देतो.

(त्याच दिवशी, संध्याकाळी.)

दिगंबर : सुमेधा! ठरलं बाई एकदाचं. साहेबांचा मेहुणा शपथ घेतोय. काढ मशीन आणि लाव बलकारला. पाळला की नाही शब्द?

सुमेधा : बलकार दुपारीच गेला, सर.

दिगंबर : काहीतरीच काय! आत्ता येताना बघितलं मी. बायको पिशवी दाबतेय त्याची.

सुमेधा : हो. दाबत राहा म्हणून मीच सांगितलं होतं तिला. आता थांब म्हणायला माझं तोंड उघडत नाही. तुम्ही सांगता?