नवीन माणूस येईपर्यंत

—नाही हो, उशीर कसला! आत्ता तर पहिलं गीत चाललंय. पायपुसण्यापाशी जरा जपून, त्याचा कोपरा दुमडतो, मागे खुद्द पाळकसाहेबच तोंडघशी पडता पडता वाचले. छत्री द्या इकडे. पहिल्यांदाच येताय ना? वाटलंच मला. नवीन माणूस आधी दाराकडे बघतं, मग माझ्याकडे, आणि मग परत रस्त्याकडे. मीही तश्शीच आले होते. थांबा, लगेच आत नका शिरू—गीत संपलं की सगळे खाली बसतात, तेव्हा सोडते तुम्हाला, म्हणजे माना वळत नाहीत. तोवर टेका या खुर्चीवर. माझीच आहे, पण मला कुठे बसायला होतंय!

ही फीत? निळी? ही स्वागताची. आमच्या चर्चच्या मंडळीची रीतच आहे तशी—जो सगळ्यात शेवटी आला, त्याने दारात उभं राहायचं. का? तर नवखेपण त्यालाच ताजं असतं, येणाऱ्याचं अवघडलेपण त्यालाच कळतं. कल्पना चांगली आहे हो, पाळकसाहेबांच्या आईची होती. मग पुढचं नवीन माणूस आलं, त्याने नाव सांगितलं, की फीत त्याच्या खांद्यावर आणि आपण आत, बाकावर. माझ्या आधी एक शिंपी होता, तो लवकर सुटला. सुटला म्हणजे—तसं नाही, सेवाच आहे ही. पण मी आले त्या दिवशी त्याने माझे हात असे धरले, इतक्या मायेने, की मला रडूच फुटलं. आता कळतंय स्वारी एवढी खूश का होती ते! माझ्यानंतर मात्र कुणी टिकलंच नाही. येतात, चहा पितात, जातात. आणि आतले म्हणतात, बाई, तुमच्यासारखं स्वागत दुसऱ्या कुणाला जमायचं नाही. झालं! कौतुक करून करून मला या चौकटीला ठोकून टाकलंय त्यांनी.

आत काय चालतं? ते मला काय विचारता—रस्त्याचा गोंगाट जाऊ नये म्हणून दार लावून घ्यावं लागतं, आणि दार हे असं जाडजूड. गीत मी चालीवरून ओळखते. प्रवचनात हसले की समजायचं, पाळकसाहेबांनी पुन्हा सासूचा किस्सा सांगितला. आणि वर्षातून एकदा गेलेल्यांची नावं घेतात ना, प्रार्थनेत—त्यात आमच्या ह्यांचंही घेतलं. म्हणजे, घेतलं म्हणतात. मी तेव्हा एका आजोबांना पायऱ्या चढवत होते. बाहेर आल्यावर सगळे म्हणाले, फार छान झाली हो प्रार्थना—आणि लगेच, आज नवीन कोण आलं होतं? मी कशी आहे, हे कुणी विचारत नाही. कशाला विचारतील? दारातली बाई, कायम हसतमुख! ह्यांच्यामागे घर खायला उठायचं, म्हणून आले होते मी इथे. कुणीतरी शेजारी बसावं, एवढंच हवं होतं. फार एकटं वाटतं हो मला इथे, एवढ्या माणसांच्या दारात. जाऊ दे, मेलं माझं तोंडच थांबत नाही.

तर तुमचं नाव काय? घाबरायचं काही नाही, नुसतं नाव सांगा, पुढचं मी बघते. पाळकसाहेबांना मीच सांगेन, माणूस चांगलं आहे म्हणून. ही बघा, टाचणीसुद्धा तयार आहे. खांदा करा पाहू इकडे, हात जरा वर—

अगंबाई. हे घड्याळ पुरुषाचं आहे. कोपरापर्यंत घसरतंय की तुमच्या. ह्यांचा स्वेटर मीही अशीच—बाह्या लोंबायच्या, तरी काढवत नव्हता. कधी गेले? नको, नका सांगू. राहू द्या. हा रुमाल घ्या, धुतलेला आहे.

गीत संपलं बघा. उठा. खिडकीजवळच्या बाकावर एक जाड्या काकू असतात. त्या काही विचारत नाहीत, नुसत्या सरकतात आणि हात हातात घेतात. ती जागा मी माझ्यासाठी हेरून ठेवली होती. तिथे बसा. आणि ऐका, नाव कुणालाही सांगू नका. विचारलं तर म्हणा, पाहुणी आहे, परत जायचंय. पुढच्या रविवारीही तेच म्हणा. त्याच्या पुढच्याही. मी काही बोलणार नाही.

बघत काय राहिलात माझ्याकडे? जा म्हटलं ना. दार मी लावते.